चार खडे

म्हातारबाबांचा मोडका हात प्लेटवर ठेवून मी त्यांची बोटं एकेक करून सरळ करत होते, तेव्हा त्यांनी विचारलं, "बाहेर टिटवीचं चित्र लावलंय, ते कुणी काढलंय?"

गेल्या दोन महिन्यांत हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला होता की उत्तर देण्याची माझी एक पद्धतच ठरून गेली होती. लगेच सांगायचं नाही. आधी मशीनकडे वळायचं, उगाच एखादं बटण दाबल्यासारखं करायचं आणि मग सहज आठवल्यासारखं म्हणायचं, "ते होय? ते मीच काढलंय." असं म्हणताना समोरच्याचा चेहरा नीट दिसावा म्हणून मी उजेडाच्या बाजूला उभी राहायचे. एक्स-रे काढणारी बाई चित्रं काढते, हे लोकांना मांजर पोहतं म्हटल्यासारखं वाटतं. ते चकित होतात, मग पुन्हा एकदा माझ्याकडे पाहतात, आणि त्या दुसऱ्या पाहण्यानं माझ्या अंगावर मूठभर मांस चढतं. त्या दिवशीही मी तसंच केलं. बाबा चकित झाले नाहीत. प्लेटवरच्या आपल्या हाताकडे बघत, जणू हाताबद्दलच काही सांगावं तसे ते म्हणाले, "घाबरलीय ती. अंडी आहेत ना तिथं."

"अंडी नाहीत हो," मी हसून म्हटलं. "खडे आहेत ते. तळ्याकाठचे."

"बरं," ते म्हणाले. "मग खडे असतील."

एवढंच. मी "हलू नका" म्हटलं, शिशाच्या काचेमागे गेले, बटण दाबलं. पडद्यावर त्यांचं मनगट उमटलं. अंगठ्याच्या बाजूच्या हाडात केसाएवढी काळी रेघ होती. "मोडलंय का?" त्यांनी विचारलं, आणि आम्ही सगळ्यांना सांगतो तेच मी सांगितलं, की डॉक्टर सांगतील. सून बाहेर थांबली होती, तिनं त्यांना हाताला धरून नेलं. दाराशी ते थांबले नाहीत, वळले नाहीत, वाद घातला नाही. वाद घातला असता तर बरं झालं असतं. माणूस वाद घालतो तेव्हा त्याला खोडता येतं. "बरं, मग खडे असतील" याला काय खोडणार! तो "बरं" दिवसभर माझ्या कानात बसून राहिला. माझ्या सासूबाईंचा "बरं" असाच असायचा. त्या मान्य करायच्या आणि आपण खोटे ठरायचो.

त्या चित्राची कीर्ती अशी, की ते लावण्यासाठी आमच्या मोठ्या डॉक्टरांनी भिंतीवरचं हृदयाच्या झडपांचं कॅलेंडर उतरवलं होतं. अकरा वर्षं मी चित्रं काढतेय. एक्स-रेच्या फिल्म्स गेल्या आणि संगणक आला, त्या वर्षी सुरुवात झाली. त्याआधी आमच्या विभागात एक अंधारी खोली होती. तांबड्या दिव्यात मी फिल्म द्रावणात बुडवायचे आणि पाण्याखालून हळूहळू एखाद्याच्या बरगड्या वर यायच्या. दिवसातून साठ वेळा हे पाहिलं तरी मला कंटाळा येत नसे. मग एक दिवस दोन माणसं आली, टाक्या उचलून घेऊन गेली, आणि खोलीत झाडू-बादल्या ठेवायला लागले. मशीन आता क्षणात चित्र देतं. काम चांगलं होतं, पेशंटला किरण कमी लागतात, माझी काहीच तक्रार नाही. पण काहीतरी हळूहळू उमटताना पाहायची डोळ्यांना लागलेली सवय कुठे जाणार? एका संध्याकाळी स्टेशनरीच्या दुकानात मी पेनाची रिफिल घ्यायला गेले आणि जलरंगांची पेटी घेऊन घरी आले. नवऱ्यानं विचारलं, "कुणाच्या मुलाचा वाढदिवस?" मी म्हटलं, "माझा."

पहिली दोन वर्षं जे काढलं ते कपाटाच्या तळाशी आहे आणि मी मेल्यावर त्याचं काय करायचं ते मुलीला सांगून ठेवलंय. नंतर नंतर हात बसला. झाडं जमायला लागली. मग पाणी. पाणी जमणं म्हणजे पाणी न काढणं, हे कळायला चार वर्षं गेली. कागद कोरा सोडायचा, फक्त काठ खरा काढायचा, पाणी आपोआप चमकतं. मग पक्षी. पक्ष्यांत मला माझं काम उपयोगी पडलं. लोक पक्ष्याचा गुडघा उलटा वाकतो म्हणतात. गुडघा नाही तो, घोटा आहे, गुडघा वर पिसांत लपलेला असतो. हाडं कुठे असतात ते मला ठाऊक होतं, त्यामुळे माझा पक्षी कागदावर उभा राहतो, चिकटवल्यासारखा दिसत नाही. हे मी माझं कौतुक म्हणून सांगत नाही. खरं तर कौतुक म्हणूनच सांगतेय. पन्नाशी ओलांडल्यावर बाईनं स्वतः शिकलेली एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल नम्र कशाला व्हायचं?

आणि टिटवी हे माझं सगळ्यात चांगलं चित्र. उन्हाळ्याचे दिवस होते, शहराबाहेरचं तळं निम्म्याहून आटलं होतं. नवऱ्यानं गाडी रस्त्यावर झाडाखाली लावली, पाय वर घेतले आणि शब्दकोडं उघडलं. मी घडीचं स्टूल, पाण्याची बाटली, कागदाची फळी घेऊन काठच्या भेगाळलेल्या मातीवर उतरले. कुठूनशी एक टिटवी उठली आणि तिनं असा काही आरडाओरडा केला की मी फळी डोक्यावर धरली. ती डोक्यावरून घिरट्या घालत होती, सूर मारत होती, पुन्हा वर जात होती. मी स्टूल मांडून स्वस्थ बसले. मनात म्हटलं, बघू कोण आधी दमतं. अर्ध्या तासानं ती दमली. माझ्यापासून बारा-पंधरा पावलांवर उतरली, आणि उभी राहिली. मान ताठ, अंग बाणासारखं, डोळ्यापुढचा तो लाल पदर उन्हात पेटलेला. हललीच नाही. मी श्वास आवरून काढत राहिले, आणि ती उभी राहिली, दोन तास. मला वाटलं, तिनं मला स्वीकारलं. मी गेले, गाडीच्या काचेवर टकटक केली आणि नवऱ्याला म्हटलं, "तिनं मला पोझ दिली!" त्यानंतर ही गोष्ट मी किती जणांना सांगितली याची गणती नाही. मोठ्या डॉक्टरांना सांगितली, नणंदेला फोन करून सांगितली. तीच नणंद, जी चित्रकलेला रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणायची. प्रत्येक वेळी सांगताना टिटवी थोडी जास्त वेळ उभी राहायची आणि थोडी जास्त जवळ यायची.

त्या दिवशी ड्युटी संपल्यावर मी बाहेरच्या हॉलमध्ये आले. खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या, सफाईवाली बाई फरशी पुसत होती, तिनं मला ओल्या जागेवरून चालू नका म्हणून दटावलं. मी कडेनं जाऊन चित्रासमोर उभी राहिले. आपलंच चित्र आपण खरं तर पाहत नाही, त्याच्याकडे बघून आपल्याला काय वाटलं होतं तेच आठवतो. म्हणून मी तेव्हा एक युक्ती केली. ही एक्स-रेची प्लेट आहे, कुणा अनोळखी पेशंटची, असं धरून चालायचं. कोपऱ्यापासून सुरुवात करायची, आवडेल तिथे नव्हे. डावीकडचा खालचा कोपरा, भेगा. मग वर, कोरडं गवत. मग टिटवीच्या पायांच्या पुढे, हातभर अंतरावर, खड्यांचा सडा. ते खडे मी कसे केले होते ते मला पक्कं आठवत होतं. जुना टूथब्रश रंगात बुडवून अंगठ्यानं शिंतोडे उडवायचे, झाले खडे. सगळे तसेच होते. चार सोडून. ते चार दोन नंबरच्या बारीक ब्रशनं एकेक करून काढले होते. मातकट, त्यावर काळसर डाग, एका बाजूला निमुळते. चौघांची निमुळती टोकं आत, एकमेकांकडे. दगड असे पडत नाहीत. दगडांना आपलं टोक कुठे करायचं याची फिकीर नसते. मला तेही आठवलं, की ते चार काढताना मला फार बरं वाटत होतं, मांडणी किती सुंदर जमून आलीय असं वाटत होतं, आणि मी ते माझ्या दृष्टीचं कौतुक समजले होते.

मी टिटवीच्या डोळ्याकडे पाहिलं. लोक म्हणायचे, काय रुबाब आहे! मीही म्हणायचे. आता मला तिचं अंगाला घट्ट चिकटलेलं एकेक पीस दिसत होतं, लांबवलेली मान दिसत होती, आणि बुबुळाच्या कडेला मी सोडलेला तो पांढरा कागदाचा ठिपका, ज्याच्यामुळे डोळा जिवंत वाटतो म्हणून सगळे वाहवा करत, तो सरळ माझ्याकडे रोखलेला दिसत होता. पेशंटच्या डोळ्यांत हे मी रोज पाहते. काचेमागून रोज पाहते. इतकी वर्षं माणसांची भीती ओळखली, आणि हिची ओळखली नाही.

"चित्र वाकडं झालंय का?" सफाईवालीनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "सरळ आहे."

घरी आल्याबरोबर मी त्या उन्हाळ्याची वही काढली. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा त्याच तळ्यावर गेलो होतो, हे माझ्या लक्षात होतं. टिटवी नव्हती, म्हणून मी बाकीचं चित्र घरी येऊन पूर्ण केलं, हेही. पण वहीत त्या दुसऱ्या दिवसाचं काहीतरी असणार. जमीन असेल, जागा असेल, खडे असतील किंवा नसतील. पहिल्या दिवशी डोळ्यांना जे कळलं नव्हतं ते हातानं टिपलं होतं, तर दुसऱ्या दिवसाचंही टिपलं असेल, अशी मला वेडी खात्री वाटत होती. पान सापडलं. पानावर पलीकडच्या काठाची झाडं होती आणि त्यांच्यावर ढग. टिटवी नाही म्हटल्यावर मी स्टूल फिरवलं होतं. पाठ तिकडे करून बसले होते. ढग चांगले जमले होते.

नवरा स्वयंपाकघरातून भांडी पुसत बाहेर आला. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, त्या म्हाताऱ्याला काय कळतंय? चष्मा तरी होता का त्याला?"

"होता. जाड होता."

"मग?"

"मग काय मग? अंडीच आहेत ती. मी पाहिली आज."

त्यानं हातातलं भांडं पुन्हा एकदा पुसलं, आणि माझ्यावर त्याचं प्रेम आहे म्हणून म्हणाला, "दुसऱ्या दिवशी पिल्लं निघून चालती झाली असतील." मीही तेच धरून झोपायचा प्रयत्न केला. टिटवीची पिल्लं अंड्यातून निघाली की चालायला लागतात, हे मी वाचलेलं होतं. पण वाचलेलं आणि पाहिलेलं यातला फरक मला नको इतका कळत होता. बरं, आणि मला खरी टोचणी कशाची लागली होती, तर तेही चमत्कारिकच. अंड्यांचं वाईट वाटत होतं, खरंच वाटत होतं. पण त्याखाली, शरमेच्या खाली, काहीतरी ऊबदार हलत होतं, आणि ते मला ओळखू येत होतं. तो अभिमान होता. मला माहीत नसताना माझ्या हातानं अंडी काढली होती. इतकी बरोबर, की एका माणसानं मोडका हात सांभाळत येता-जाता पाहिलं आणि त्याला कळलं. या क्षणी अभिमान वाटावा याची मला लाज वाटली, आणि लाज वाटूनही तो जाईना. रात्रभर दोघी बाया एका खाटेवर झोपल्यासारख्या त्या माझ्यात कुशी बदलत राहिल्या.

तीन आठवड्यांनी बाबा प्लास्टर घालून पुन्हा फोटोला आले. मी त्यांची वाटच पाहत होते. त्यांचा कागद गठ्ठ्यात खाली होता, तो मी वर घेतला. असं मी कधी करत नाही. सुनेला म्हटलं, जरा वेळ लागेल, आणि त्यांना हात धरून हॉलमध्ये चित्रासमोर आणलं.

"बाबा, अंडीच आहेत."

"असणारच," ते म्हणाले.

ते कोण, हे मला तेव्हा कळलं. ते पाटबंधाऱ्याच्या एका तलावावर एकतीस वर्षं राखणदार होते. तलावाची राखण करायची म्हणजे माणसांपासून करायची, असं ते म्हणाले, बाकी कुणी तलावाला त्रास देत नाही. मी त्यांना सगळं खरं सांगितलं. तसं आधी ठरवलं होतं की अर्धा तास बसले म्हणून सांगायचं. पण त्या चष्म्यापुढे ते जमेना. आधी अर्धा तास तिचा आरडाओरडा, मग दोन तास चित्र. ऊन. दुसऱ्या दिवशी टिटवी नाही.

"दुपार होती?"

"अकरा ते दीड."

ते चित्रातल्या त्या चौघांकडे बघत राहिले. मी मनात म्हणत होते, म्हणा की पिल्लं निघाली असतील, एकदा म्हणा.

"मग गेली अंडी," ते म्हणाले. "उन्हात ती अंड्यांवर उन्हासाठीच बसते, ताई. ऊब द्यायला नाही, सावली द्यायला."

शेजारच्या खुर्चीवर एक बाई आपल्या मुलीची वेणी घालत होती, ती थांबून आमच्याकडे पाहायला लागली. मी म्हटलं, "मी हे चित्र काढून टाकते. आजच सांगते डॉक्टरांना."

"का बरं?" बाबा खरोखरच नवलानं म्हणाले. "चित्रानं काय केलंय? चित्र खरं आहे. आमच्या तलावावर साहेब लोक यायचे, दुर्बिणी घेऊन. पायाखाली अंडी असायची, त्यांना दिसायची नाहीत. हात धरून ओढावं लागायचं. तुम्हाला ठाऊक नसताना तुम्ही काढलीत. टोकं आत, डाग बरोबर." ते चित्राच्या जवळ गेले, प्लास्टरमधून बाहेर आलेल्या बोटांनी, काचेला न लावता, त्यांनी चारही मोजली. "नजर चांगली आहे तुमची. बसायची अक्कल नाही."

अकरा वर्षांत माझ्या चित्रांबद्दल लोकांनी जे जे म्हटलं ते सगळं मी एका पारड्यात घालते, आणि दुसऱ्यात ही दोन वाक्यं घालते. दुसरं पारडं जमिनीला टेकतं. विशेष म्हणजे ही दोन्ही वाक्यं एकत्र घालावी लागतात. नुसतं पहिलं असतं तर त्याला वजन आलं नसतं.

"मग बसायचं कसं?" मी विचारलं.

"लांब. शंभर पावलं तरी. आणि उभ्या माणसाला ती भिते, गाडीला भीत नाही. गाडीत बसा. सकाळी जा. ती ओरडली तर तुम्ही चुकलात, मागं सरका. आपण आहोत हे तिनं विसरलं पाहिजे."

"इतक्या लांबून दिसणार काय?"

"ते तुमचं तुम्ही बघा," बाबा म्हणाले. "चित्र मला कुठं काढायचंय."

मग मी त्यांचा फोटो काढला. काळी रेघ पुसट होत आली होती. मी काही सांगायला नको होतं, पण सांगितलं, "भरून येतंय."

चित्र हॉलमध्येच राहिलं. फक्त, आता कुणी विचारलं की मी उजेडात जाऊन उभी राहत नाही. पोझची गोष्ट मी बंद केली, आणि ज्यांना सांगितली होती त्यांच्यातल्या जितक्यांना गाठता आलं तितक्यांना खरी सांगितली. नणंद म्हणाली, "जाऊ दे गं, पक्षीच तर होता." मोठ्या डॉक्टरांनी मात्र चष्मा कपाळावर सारून अंडी शोधली, आणि त्यांना दोनच सापडली. उरलेली दोन मी दाखवली नाहीत.

पुढचा उन्हाळा लागला तसं मी नवऱ्याला सांगितलं, उद्या पहाटे निघायचं, आणि गाडीत बोलायचं नाही. तो म्हणाला, "शब्दकोड्यात अडलो तर?" मी म्हटलं, "लिहून विचार." आम्ही तळ्याच्या दुसऱ्या बाजूला, जुन्या बांधावर गाडी लावली. काच अर्धी खाली. फळी स्टिअरिंगवर टेकवून मी बसले होते, म्हणून चालकाची जागा माझी आणि तो शेजारी. एकदा टिटवी ओरडली. मी इंजिन चालू केलं आणि गाडी मागे घेतली. ती पुन्हा ओरडली, पुन्हा मागे घेतली. नवऱ्यानं कोड्याच्या कडेला लिहिलं, "घरी जाईपर्यंत मागेच जायचंय का?" मी पेन्सिलीनं खाली लिहिलं, "गप्प बस." मग ओरडणं थांबलं. मग बराच वेळ काहीच नव्हतं, नुसती माती आणि वर चढत जाणारा उजेड. माझी पाठ भरून आली, पायाला मुंग्या आल्या. डाव्या हाताच्या गवतातून ती चालत निघाली. चार पावलं टाकायची, थांबायची, वाकून काहीतरी टिपायची. तिनं गाडीकडे एकदा पाहिलं, एखाद्या दगडाकडे पाहावं तसं. माझ्या मनाला लागलं, खोटं का बोलू, क्षणभर लागलंच. मग ती एका जागी आली, पायांत मान घालून खाली काहीतरी पाहिलं, अंग फुगवलं, पोटाची पिसं बाजूला केली, आणि कुल्ल्यांवर इकडून तिकडे होत, बसमध्ये जागा मिळालेल्या बाईसारखी, नीट बसली.

मी काढायला घेतलं. तळं काढलं, म्हणजे सोडलं. माती काढली, आभाळ काढलं. टिटवी इतक्या लांबून जेवढी दिसत होती तेवढीच काढली, नखाएवढीही नाही. तपकिरीचा एक टिपका, मानेपाशी काळा, आणि लाल रंग ब्रशच्या एका केसानं लावला. दोन तास लागले. या दोन तासांत ती तीनदा उठली, अंडी चोचीनं फिरवली, पुन्हा बसली. एकदाही तिनं माझ्यासाठी काही केलं नाही.

मी फळी नवऱ्याकडे दिली. त्यानं ती लांब धरून पाहिली, जवळ धरून पाहिली.

"टिटवी कुठाय यात?" तो कुजबुजला.

मी ब्रशच्या मागच्या टोकानं दाखवली.

"अगं, ही तर नुसती बसलीय."

"हो," मी म्हटलं. आणि मला इतका अभिमान वाटला की पुढचं बोलायला मला काच वर करून थोडा वेळ थांबावं लागलं.